डावा हात त्याचा, उजवा माझा

व्होलोस्को, ९ फेब्रुवारी

नेविया,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचतेस की नाही तेही कळत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्ता तुझ्या मैत्रिणीने, तायानाने दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या दुकानात जाऊन बसले ती उठलेच नाही. शेवटी गिऱ्हाइकं खोळंबली तेव्हा कुठे तिने लिहून दिला.

तुला घरी बोलवायला हे पत्र लिहीत नाहीये. सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, म्हणजे अर्ध्यावर फाडणार नाहीस. मला एकच साधी गोष्ट विचारायची आहे. बाबाच्या गिटारीचा अँप चालू कसा करतात?

तो व्हॉल्व्हवाला. ज्या वर्षी आपलं स्वयंपाकघर नवं व्हायचं होतं आणि झालं नाही, त्या वर्षी घरात आलेला. कार्लोव्हात्सच्या त्या दाढीवाल्याने जुन्या नमुन्यावरून हाताने बांधलेला, दिसायला माझ्या आजीच्या रेडिओसारखा. इतकी वर्षं तळघरात होता, बाबा तिथेच वाजवायचा. काल होडीवाला दिन्को आणि त्याचा मेहुणा दोघांनी मिळून वर आणला. आपला जिना तुला माहीत आहे. दिन्को निम्म्यात खाली बसला आणि म्हणाला, "विन्का, लिव्हिओने याच्यात नांगर ठेवलाय का गं?" मी म्हटलं, "नांगर नाही, माझं स्वयंपाकघर आहे त्यात. उचल."

आता तो बैठकीत खिडकीखाली आहे. पुढे दोन बटणं आहेत, एकसारखी. कुठलं आधी दाबायचं? दोन्ही एकदम दाबू नये म्हणून तो तुझ्यावर ओरडायचा, एवढंच मला आठवतं. मी आयुष्यभर बोटीच्या तिकिटांच्या खिडकीत बसले, या यंत्राला एकदाही हात लावला नाही. हात लावला तो फक्त 'आवाज कमी कर' म्हणायला, दाराला.

'बाबालाच विचार की,' असं म्हणशील. बाबा सध्या रियेकात आहे, थोडे दिवस. तो यायच्या आत मला हे शिकून ठेवायचं आहे. कशासाठी ते पुढे सांगेन.

बाकी सगळं ठीक. उत्तरेच्या बुरा वाऱ्याने खालच्या एत्ताच्या दोन कुंड्या समुद्रात नेल्या. मिमोझा फुलला आहे.

आई

व्होलोस्को, २ मार्च

नेविया,

तुझं कार्ड मिळालं. त्यावरचं चर्च सुंदर आहे. कार्डाच्या मागे तू लिहिलंस, 'डावं आधी. व्हॉल्व्ह तापू दे. मग उजवं. त्यालाच का विचारत नाहीस?' मी ते फ्रीजवर लावलं आहे. शेवटच्या वाक्यावर लोहचुंबक ठेवलाय.

आता तो काढते. बाबाला विचारता येत नाही, कारण बाबाला सांगता येत नाही.

जानेवारीत तीन राजांचा सण झाला त्याच आठवड्यात, सकाळी, तो मोरीपाशी सार्डिन साफ करत होता. मला म्हणाला, "विन्का, सुरी ही सुरी." मला वाटलं थट्टा करतोय. मग सुरी हातातून पडली आणि तोही. मेंदूत रक्ताची गाठ. दिन्कोने गाडी अशी हाकली की दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. रियेकाला तो कामासाठी गेलेला नव्हता, वॉर्डमध्ये होता आणि मग व्यायामाच्या दवाखान्यात. पहिल्याच पत्रात लिहिलं असतं तर तू घाईघाईने विमानात बसली असतीस आणि मग मला कधीच कळलं नसतं की तू मनाने आलीस की भीतीने. म्हणून नाही लिहिलं.

आता तो घरी आहे. उजवा हात लोंबतो, उजवा पाय ओढत चार पावलं टाकतो, आधार दिला तर. सगळं समजतं त्याला. आपण काय बोलतो, बातम्यांत काय चाललंय, एत्ता जिन्यात काय कुजबुजते, सगळं. पण बोलायचा एकच शब्द उरला आहे. सोमवार.

हसू नकोस. हसलीस तरी चालेल, मीही हसते. सूप गरम आहे, सोमवार. संडासला जायचंय, सोमवार. डॉक्टर गाढव आहे, सोमवार! बोलायला शिकवणारी मुलगी येते, सानेला, बोस्नियाची, फार गोड. ती म्हणते असं होतं, सगळे शब्द आत असतात पण दारातून एकच बाहेर पडतो. तिने चित्रं दाखवली, घर, कुत्रा, पाव. तो एकदा म्हणाला, सोमवार. मग भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. सानेला मला जिन्यात म्हणाली, "काकू, हे पहिले महिनेच कामाचे. यांनी आत्ता हात टेकले तर पुढे फार जड जाईल. यांना कशाची आवड होती?"

होती! मी म्हटलं, "बाई, त्यापायी अर्धी गल्ली आमच्याशी बोलत नाही."

तर काल डावं बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि पुढे काहीच नाही. मी मागे जाऊन वाकून पाहिलं तर काचेच्या नळ्यांत हळूहळू निखारे धरत होते. जुनी धूळ तापल्याचा वास आला, त्याच्या अंगाला हिवाळाभर येणारा वास. मी उजवं दाबलं. अँप घशातल्या घशात गुणगुणायला लागला. भिंतीकडे वळलेली त्याची मान तिथेच थांबली. म्हणजे ऐकत होता.

मी त्याला खुर्चीत बसवलं, गिटार मांडीवर दिली. त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. कसं पाहिलं ते लिहीत नाही. मग डाव्या हाताने गिटार ढकलून दिली. ती अँपवर आपटली, आणि नेविया, त्या पेटीतून असा गडगडाट झाला की मी टेबलाखाली गेले! वीजच पडली घरात. त्याच्या आत एक स्प्रिंग असते ना, आवाजाला घुमवणारी, ती हादरली होती. मला काय ठाऊक? खालून एत्ता पळत आली, केसांना रंग लावलेला, हातात पळी. "विन्का! भिंत पडली का?"

आणि तुझा बाबा हसला. तोंड एका बाजूने वाकडं, डोळ्यांतून पाणी, पण हसला. एत्ताच्या पळीकडे बोट दाखवून म्हणाला, "सोमवार, सोमवार!" एत्ता म्हणाली, "तुलाही सोमवार, लिव्हिओ," आणि केस धुवायला गेली.

मी गिटार उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवली. या वेळी डावा हात आपणहून गिटारीच्या मानेवर गेला. त्याने एक बोट तारेवर आपटलं, नुसतं आपटलं, छेडायला हात नसताना, आणि सूर आला. मग दुसरं बोट. मग मला मानेने खुणावलं, आवाजाचं बटण वाढव. मी वाढवलं. जितकं वाढवलं तितकं बोट हलकं पडलं तरी पुरायला लागलं. उजव्या हाताशिवाय, बसल्या जागी, पाच-सहा सुरांची एक ओळ त्याने काढली. वेडीवाकडी. पण ओळ.

तू हे सगळं मला कधी सांगितलं नव्हतंस, की तो आवाज कमी करायला का तयार नसायचा.

आई

व्होलोस्को, १४ एप्रिल

नेविया,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'मला वाईट वाटलं, पण यामुळे मागचं पुसलं जात नाही.' बरोबर आहे. कोणी पुसायला सांगितलेलंही नाही.

ओपातियाच्या त्या हॉटेलच्या गच्चीवर काय झालं ते मला कोणी सांगायची गरज नाही, मी पहिल्या रांगेत होते. तू तुझं स्वतःचं गाणं धरलं होतंस, आवाज चढवला होतास, दोन म्हाताऱ्या जर्मन बाया कानात बोटं घालून बसल्या होत्या, आणि तुझ्या बाबाने सगळ्यांदेखत तुझ्या अँपची वायर भिंतीतून उपटली. तू म्हणालीस, "पुन्हा तुझा आवाज ऐकायचा नाही मला," आणि गिटार खोक्यात घालून गेलीस. मी तेव्हाच त्याला म्हटलं होतं, तू चुकलास, जा तिच्या मागे. तो गेला नाही. मी तेव्हा म्हटलं तेच आज म्हणते. चूक त्याची होती. त्या आजारी माणसाच्या तोंडावरही परवा म्हटलं. तो म्हणाला, सोमवार, आणि खिडकीबाहेर पाहत बसला.

तर ते तुमचं तुम्ही बघा. मी लिहिते आहे ते माझ्याबद्दल. मी गिटार वाजवते.

आता हस.

झालं असं की एकट्या डाव्या हाताने ओळ निघते, कॉर्ड निघत नाही. सगळ्या तारा एकदम बोलायच्या तर कोणीतरी छेडायला हवं. त्याने तीन आठवडे बोटं आपटून पाहिली. मग एका सकाळी माझा हात धरला, कांदा चिरत होते मी, तसाच ओढून तारांवर नेला. मी म्हटलं, "अरे, कांद्याचा हात!" तो म्हणाला, "सोमवार." म्हणजे असू दे.

आता मी त्याच्या उजव्या बाजूला चिकटून बसते, स्टुलावर, त्याच्या लोंबत्या हाताच्या जागी माझा हात. डावा हात त्याचा, उजवा माझा. एका कोटात दोघं शिरल्यासारखं. पहिले काही दिवस माझी नखी तीनदा गिटारीच्या पोटात पडली, ती काढायला आम्ही दोघं गिटार उलटी करून हलवत होतो, आणि तो हसून हसून खोकत होता. तालाचं म्हणशील तर मला ताल नाहीच. लग्नातही तो मला म्हणाला होता, तू नाचू नकोस, लोक बघताहेत. आता मी चुकले की तो खांद्याने ढकलतो. "सोमवार!" म्हणजे उशीर. "सोमवार, सोमवार, सोमवार" म्हणजे घाई. मला आता त्याचा सगळा सोमवार समजतो. सानेला म्हणते, मी शब्दकोश लिहावा.

पण एक गोष्ट मी शोधली आहे, आणि ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आवाजाचं बटण मध्यावर ठेवून मी हळू छेडलं तर सूर स्वच्छ येतो, पाण्यासारखा. तीच तार जोरात ओढली की अँप गुरगुरतो. बटणाला हात न लावता! नुसतं माझ्या मनगटावर. त्या दिवशी औषधांच्या खिडकीतल्या बाईने मला ताटकळत ठेवलं होतं, तर संध्याकाळी अँप असा गुरगुरला की बाबाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नेविया, इतक्या वर्षांत घरात मला न विचारता माझ्या मनातलं ओळखणारं हे पहिलंच यंत्र. आणि मी त्याला तळघरात घातलं होतं.

ईस्टरला पिन्त्सा पाव केला. एक तुझ्यासाठी पाठवते आहे. पोचेपर्यंत दगड होईल, दुधात बुडव.

आई

व्होलोस्को, २१ मे

नेविया,

तायानाने तिच्या फोनवर आमचं वाजवणं भरून तुला पाठवलं, हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. तुझं उत्तर तिने दुकानातच मोठ्याने वाचून दाखवलं, तेही गिऱ्हाइकांसमोर.

'त्याचं तिसरं बोट आळशी झालंय, दुसऱ्या बोटाकडून काम करून घेतोय. आईचा हात म्हणजे लाकडाची फळी. मनगट सोडायला सांग. आणि दोघंही प्रत्येक ओळीच्या शेवटी पळताय, कोणी मागे लागलंय का?'

वर कशी आहेस, बरी आहेस, काही नाही. पण खाली व्यायाम लिहून पाठवलेस, त्याच्या बोटांसाठी वेगळे, माझ्या मनगटासाठी वेगळे.

मी घरी येऊन त्याला वाचून दाखवलं. तिसऱ्या बोटाशी आले तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होतास. चाळीस वर्षं ज्याने किनाऱ्यावरच्या सगळ्या हॉटेलांत वाजवलं, त्याला त्याची पोरगी आयर्लंडमधून सांगते की बोट आळशी आहे! त्याने टेबलावरचा पेला खाली ढकलला. "सोमवार!!" मी म्हटलं, "मला काय सांगतोस? मला तर फळी म्हटलंय." दोन दिवस गिटारीकडे बघितलं नाही. जेवतानाही तोंड फुगवून.

तिसऱ्या दिवशी मी बाजारातून आले, टोपलीत बीटाची पानं, बटाटे, आणि जिन्यातच ऐकू आलं. टक, टक, टक. तिसरं बोट. आपणहून खुर्चीत बसला होता, अँपचं बटण डाव्या हाताने दाबून, तापू देऊन, क्रमाने. टेबलाच्या कडेला धरून एकटा खुर्चीपर्यंत गेला होता! मी टोपली जिन्यातच ठेवली आणि पायरीवर बसले. एत्ता वर आली. मला वाटलं, आता भांडणार. ती म्हणाली, "हा सकाळपासून एकाच जागी अडकलाय. त्याला सांग, पुढे जा म्हणून, मला झोपेतही तेच ऐकू येतंय."

सानेला म्हणते, गिटार वाजवून झाल्यावर तो तिची चित्रं बघायला तयार असतो. काल पावाच्या चित्राला 'पा' म्हणाला. मग सोमवार. पण आधी पा.

माझं मनगट सुटत नाहीये. काय करू?

आई

व्होलोस्को, १९ जून

नेविया,

आईसाठी नाही, बापासाठी नाही, पण व्हॉल्व्हसाठी तू फोन उचललास! मी दिन्कोला सांगितलं तर तो म्हणाला, "शुद्ध लिव्हिओची पोरगी."

फोनवर मी नुसती ओरडत होते, म्हणून आधी काय झालं होतं ते नीट लिहिते. त्याच्या आधीच्या गुरुवारी वाजवता वाजवता अँपमधून फट्ट झालं, मागच्या नळ्यांपैकी एक मोठी नळी तांबडीलाल झाली, आणि सगळं गप्प. दिवाही गेला. बाबाने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग गिटार माझ्या हातात दिली आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे वळला. फेब्रुवारीत होता तसा. सानेला आली, चित्रं नाहीत. जेवण नाही. पायाचा व्यायाम नाही. मी दिन्कोकडून छोटा अँप आणला, त्याच्या भाच्याचा, बिनव्हॉल्व्हचा, पाठीवर घेता येईल असा. बाबाने एक सूर ऐकला आणि मान फिरवली. मी म्हटलं, "अरे, आवाज येतोय ना?" तर डोळे मिटले. मी इतकी घाबरले होते, नेविया, की त्याच्यावर ओरडले. मग मोरीपाशी जाऊन रडले. मग तुला फोन लावला. उचलशील असं वाटलंच नव्हतं, तू 'हॅलो' म्हणालीस तेव्हा मी काय बोलायचं तेच विसरले.

"आई, आधी भिंतीतून वायर काढ. काढलीस? आता कुठेही हात लावू नकोस. बंद असला तरी आत करंट साठलेला असतो, मारतो."

"म्हणजे मी मरेन?"

"माझं ऐकलंस तर नाही. मागून बघ. मोठे व्हॉल्व्ह दोनच आहेत ना? दोन्ही बदलायचे, जोडी असते. आणि बाजूचा फ्यूज. नवे तळघरात, त्याच्या हत्यारांच्या पेटीत, मोज्यात गुंडाळलेले असतील."

मोज्यात! माझे हरवलेले लोकरीचे मोजे! ज्यांच्यासाठी मी धुलाई यंत्राला शिव्या दिल्या. पेटीत चार मोजे सापडले, प्रत्येकात एक नळी, बाळासारखी गुंडाळलेली.

मग तू मला एक एक गोष्ट सांगत गेलीस. थंड होऊ दे. काच धरू नकोस, बूड धर. हलव, पण उपटू नकोस. नवा बसवताना खाच जिथे खुंटीला लागेल तिथेच तो बसेल, जबरदस्ती नको.  दिन्को टॉर्च धरून उभा होता आणि मोठ्याने देवाचं नाव घेत होता. मी त्याला म्हटलं, "टॉर्च धर, प्रार्थना नंतर कर."

तेव्हाच मागून आवाज आला, "सोमवार." तो पलंगावरून उठून दारात उभा होता, चौकटीला धरून. मला सांगत होता, नळी तिरकी बसतेय.

तू विचारलंस, "तो आहे का तो?"

मी फोन त्याच्या कानाला लावला. पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने. माझ्या बाजूने असं. तू काय बोललीस ते मला ऐकू येत होतं, फोन मोठ्यानेच असतो माझा. "बाबा, तू वायर ओढलीस ते मी विसरलेली नाही. विसरणारही नाही." त्याचा चेहरा पडला. ओठ हलले, दुसरंच काहीतरी काढायचा प्रयत्न करत होता, मानेच्या शिरा ताठल्या. निघाला तोच शब्द. पण त्याने तो असा म्हटला, हळू, एकामागून एक, कितीतरी वेळा, जसं कोणी दाराबाहेर उभं राहून आत येऊ का विचारतं. दिन्को टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात गेला. मग तू म्हणालीस, "कळलं. कळलं, बाबा. आता आईला सांग, फ्यूज विसरू नको."

डावं आधी. तापू दिलं. मग उजवं.

चाललाय.

सप्टेंबरमध्ये तुला सुट्टी मिळेल म्हणालीस. मी काही म्हणत नाही. तुझ्या खोलीतली इस्त्रीची फळी हलवली आहे, एवढंच.

आई

व्होलोस्को, २ ऑक्टोबर

नेविया,

विमानतळावर तू म्हणालीस, आता फोन करत जा, पत्रं कशाला. करीन. पण हे फोनवर सांगता येणार नाही, मध्येच हसशील.

तू आलीस तेव्हा पहिल्या दिवसापासून मला धडकी भरली होती. तुला वाटलं असेल आई आनंदात आहे. छे! तुम्ही दोघं एकमेकांशी इतकं शहाण्यासारखं वागत होतात की मला बघवत नव्हतं. "बाबा, उशी देऊ?" "सोमवार." "बाबा, खिडकी लावू?" "सोमवार." तू त्याचा मासा काट्यातून सोडवून देत होतीस, तो तुझ्या पेल्यात पाणी ओतत होता, डाव्या हाताने, सांडत. वाजवायला बसलात तेव्हाही तसंच. माझ्या स्टुलावर तू, त्याच्या उजव्या बाजूला. तो चुकला तर तू काही म्हणत नव्हतीस. तू पुढे गेलीस तर तो थांबून वाट पाहत होता. सुरेख वाजवत होतात. दवाखान्यात कोणाला भेटायला गेल्यासारखं. मला वाटलं, झालं, ही आता दर वर्षी येईल, उशी देईल, मासा सोडवेल आणि परत जाईल. त्याला पाहुणी मिळाली, मुलगी नाही. रोज अंथरुणावर पडल्यावर मी हाच विचार करत होते, पण तुला कसं सांगणार, की बाई गं, जरा वाईट वाग?

शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोहायला गेले. तुम्ही वर वाजवत होतात. बंदराच्या भिंतीपासून मी पाण्यातल्या तरंगत्या बोयापर्यंत गेले आणि पाठीवर तरंगत पडले. तिथून ऐकू येत होतं. मी तो आवाज नेहमी आतून ऐकलेला, तळघराच्या दाराआडून, नाहीतर त्याच्या खांद्याला खांदा लावून. बाहेरून कधीच नाही. पाण्यावरून तो फार वेगळा येतो, नेविया, जाड आणि ऊबदार. डावा हात कोणाचा आणि उजवा कोणाचा ते कळत नाही. दिन्को होडीत जाळं निवडत होता, तोही थांबला.

आणि मग मध्येच बंद पडलं. ओळीच्या मधोमध.

जानेवारीपासून आपल्या घरात शांतता झाली की माझे पाय आधी पळतात, डोकं मागून येतं. मी कशी पोहत आले ते मला आठवत नाही. भिंतीवर गुडघा सोलला. टॉवेल, चपला तिथेच राहिल्या. पोहण्याच्या कपड्यांत, ओली, अनवाणी, बंदरावरून वर येणारा सगळा जिना चढले, लोक बघत होते, हॉटेलचे पाहुणे होते. दिन्को खालून ओरडत होता, "विन्का, गाडी काढू का?" माझ्या डोळ्यांसमोर मोरी, सुरी, सार्डिन. दाराशी पोचले तेव्हा आतून आरडाओरडा.

"चौथ्या ठोक्यावर, बाबा! चौथ्या! तू तिसऱ्यावरच उडी मारतोस, कायम मारत आलायस!"

"सोमवार!"

"काय सोमवार? मोज! एक, दोन..."

"सोमवार! सोमवार! सोमवार!" आणि तो डाव्या हाताने मांडीवर ताल आपटत होता, लालबुंद होऊन, त्याचा ताल, तुझा नाही. तू स्टुलावरून उठली होतीस, कमरेवर हात, थेट त्याच्यासारखी. "लहानपणापासून हेच! तुझं तेच बरोबर, बाकी सगळे बहिरे!" त्याने नखी तुझ्या अंगावर फेकली. तू ती उचलून परत त्याच्या अंगावर फेकलीस. तो 'पा' म्हणाला, का कोण जाणे, आणि तू म्हणालीस, "पाव नको, ताल दे!" आणि तरीही कोणी हसलं नाही, दोघंही इतके तापला होतात.

मी दारात उभी होते. माझ्या केसांतून पाणी टपकत होतं, फरशीवर डबकं झालं होतं. तुम्ही दोघांनी बघितलं नाहीत. मग तू खसकन स्टूल ओढलंस, बसलीस, आणि म्हणालीस, "पुन्हा. पहिल्यापासून." त्याने गिटारीच्या मानेवर बोटं ठेवली.

मी दार हळूच ओढून घेतलं आणि पुन्हा खाली गेले. दिन्कोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "भांडताहेत." त्याने छातीवर क्रॉसची खूण केली आणि पुन्हा जाळ्याला लागला. मी पाण्यात शिरले. सप्टेंबर संपत आला होता, पण पाणी अजून कोमट होतं, आणि मी बोयाच्या पलीकडपर्यंत गेले.

आई